पाण्याची घागर आणि पाण्याची किल्ली

(सोनपेठ, जि. परभणी येथील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सोनपेठहून गंगाखेड जवळच आहे. गोदामाईच्या काठावरचे ते गाव म्हणजे संत जनाबाईंचे जन्मस्थान. लोकमानसात जनाबाईंची जी मूर्ती कोरली गेली आहे, ती हातात वीणा घेतलेली नाही. ती जात्यापाशी बसलेली आहे, रानात गोवऱ्या वेचणारी आहे, पाणी भरणारी आहे. साक्षात विठ्ठल तिच्या मदतीला धावला तो याच कामांत, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. दळण, सरपण आणि पाणी. आजच्या शासकीय परिभाषेत यांना धान्यसुरक्षा, इंधन आणि जलसंसाधन असे भारदस्त शब्द आहेत. शब्द बदलले, काम मात्र सातशे वर्षांनंतरही पुष्कळ अंशी त्याच हातांत राहिले.

मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात जाऊन पाहावे. पाण्याचा शेवटचा थेंब कोठे मिळतो, कोणत्या आडाचे पाणी मचूळ आहे, कोणता हापसा फाल्गुनात कोरडा पडतो, पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या किती महिने पुरतील, कोणत्या ओढ्याकाठी चिघळ उगवते, याची बिनचूक माहिती घरातल्या स्त्रीला असते. मात्र गावात नवी विंधनविहीर कोठे घ्यावी, पाझर तलाव कोणत्या नाल्यावर व्हावा, गायरान कोणाला द्यावे, शिवारात ऊस किती लावावा, याचा निर्णय ज्या बैठकीत होतो, त्या बैठकीत ती नसते. असली तरी मागच्या रांगेत असते. पाण्याची घागर तिच्या डोक्यावर आणि पाण्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात, अशी ही विभागणी आहे. ग्रामविकासाचे अनेक चांगले प्रयत्न याच विभागणीपाशी अडतात, हे आज शांतपणे समजून घ्यायचे आहे.

बंधाऱ्याच्या काठावरची तहान

सोनपेठ तालुक्याला निसर्गाने पाणी दिलेच नाही, असे म्हणता येत नाही. गोदावरी येथून वाहते, वाण नदी आहे. तालुक्यातील खडका येथे गोदावरीवर बंधारा आहे आणि त्याच्या पाण्यावर परळीचे औष्णिक विद्युत केंद्र चालते. मराठवाड्याच्या जलसंकटाचे सारे चित्र या एका बंधाऱ्यात पाहावयास मिळते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्येही तीच वेळ आली. ज्या पाण्यावर वीज तयार होते, शेते भिजतात, गावे तहान भागवतात, ते पाणी एकच आहे. वाटेकरी वाढले आणि वाटणीची पद्धत मात्र ठरली नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधी मार्च महिन्यात पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन दंगल होऊ नये म्हणून तेथे जमावबंदीचा आदेश काढण्यात आला होता. ‘जलदूत’ नावाच्या त्या गाडीच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरवले आहे. त्या मानाने पाच लाख लिटर म्हणजे साधारण नऊ हजार माणसांची एका दिवसाची गरज. एवढ्यासाठी शेकडो किलोमीटरवरून रेल्वे धावली.

आता याच मापाने घरातला हिशेब करून पाहावा. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला २७५ लिटर पाणी लागते. पंधरा लिटरची एक घागर धरली तर अठरा घागरी होतात. नळ बंद पडला, टँकर आला नाही, की या अठरा घागरी कोणाच्या तरी डोक्यावरून, कमरेवरून घरात येतात. त्या कोणाच्या, हे सांगण्याची गरज नाही. शाळेतून काढून धाकट्या भावंडांपाशी आणि पाण्यापाशी बसवलेली मुलगी हाही त्या दुष्काळाचाच एक आकडा आहे. तो मात्र कोणत्याही आराखड्यात लिहिला जात नाही.

पाऊस कमी की विचार कमी?

पाऊसच पडत नाही, असे म्हणून हा विषय संपवण्याची सवय आपल्याला लागली आहे. थोडे अंकगणित करावे. एक हजार हेक्टर शिवार असलेले एक गाव डोळ्यांसमोर आणा. तेथे वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या शिवारावर आकाशातून पडलेले पाणी होते ७०० कोटी लिटर. गावाची वस्ती दोन हजार धरली, तर माणशी ५५ लिटरप्रमाणे वर्षभराची घरगुती गरज सुमारे चार कोटी लिटर. म्हणजे पडलेल्या पावसाचा शंभरावा हिस्सासुद्धा नव्हे. यातले बरेच पाणी वाहून जाते, बरेच उन्हाने उडून जाते, हे खरे. पाऊस निम्म्यावर आला, तरीही पिण्याचे पाणी संपावे असे या गणितात काही दिसत नाही.

मग ते संपते का? आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये जेवढे पाणी साठते, तेवढेच विहिरींना मिळते. हे साठे लहान आहेत. त्यात एकाने दोनशे फुटांचे बोअर घेतले की शेजारी तीनशे फुटांचे घेतो, आणि गावाच्या आडाचे पाणी तळाला जाते. दुसरीकडे पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागते. एकराचा हिशेब केला तर ८० लाख लिटर होतात. वर सांगितलेल्या पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षभरात एक लाख लिटर लागतात. म्हणजे एक एकर उसाचे पाणी हे ऐंशी घरांचे वर्षभराचे पाणी आहे.

ऊस लावणारा शेतकरी हा काही गुन्हेगार नव्हे. हमखास भाव आणि हमखास खरेदी ज्या पिकाला आहे, तिकडे तो वळणारच. प्रश्न इतकाच आहे की, ‘आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग पिकाचे’ हा क्रम गावात कोणी लावायचा? जिला अठरा घागरी आणायच्या आहेत, तिच्यापुढे हा क्रम सांगण्याची गरज नसते. तो तिला पाठ असतो. म्हणूनच ती निर्णयाच्या ठिकाणी असणे हा स्त्रीदाक्षिण्याचा विषय राहत नाही. तो गावाच्या अस्तित्वाचा विषय होतो.

परंपरेचा खरा वारसा

स्त्री आणि निसर्ग यांचे नाते आपल्याला कोणी परदेशातून शिकवावे लागले नाही. बाळंतिणीने सव्वा महिन्याने विहिरीची पूजा करण्याची चाल अनेक घराण्यांत आहे. नव्या जिवाची पहिली ओळख पाण्याशी करून द्यायची, हा त्यामागचा भाव. बियाणे राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवणारे हात आजीचे असत. नदीला माता म्हणणारा हा समाज आहे.

या परंपरेचे सर्वांत तेजस्वी रूप म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे जन्मलेल्या या मराठी कन्येने १७६७ ते १७९५ या काळात माळव्याचा कारभार केला. काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या. सोनपेठच्या शेजारच्या परळी वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांचाच. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली आणि देशभर त्यांचे स्मरण झाले. ते स्मरण करताना एक गोष्ट निसटू नये. अहिल्यादेवींनी पाणी भरले म्हणून त्या वंदनीय नाहीत. पाणी कोठे अडवायचे, कोणासाठी साठवायचे आणि त्यावर खजिन्यातून किती खर्च करायचा, हा निर्णय त्यांनी केला, म्हणून त्या वंदनीय आहेत. किल्ली त्यांच्या हातात होती.

परभणी जिल्हा बारवांसाठी प्रसिद्ध आहे. चारठाणा, पिंगळी, वालूर येथील बारवा पाहण्यासाठी आज लांबून अभ्यासक येतात. गाळाने आणि कचऱ्याने भरलेली वालूरची बारव गावकऱ्यांनी लोकसहभागातून मोकळी केली, तेव्हा तिच्या फिरत्या पायऱ्यांची रचना पुन्हा उजेडात आली. बारव ही कोणा एकाची मालमत्ता नसते. ती बांधणाऱ्यांना ठाऊक होते की, पाणी हे सामायिक असते आणि सामायिक वस्तूला नियम लागतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पाणी, कुरणे, जंगले अशा सामायिक संपत्तीचे रक्षण स्थानिक समाज स्वतः नियम घालून उत्तम रीतीने करू शकतो, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून सिद्ध केले. आपल्या गावकीचे मर्म त्यात आहे.

मात्र गावकीचे गुणगान करताना तिचे दोष झाकणे हा प्रामाणिकपणा नव्हे. याच गावकीने आपल्याच बांधवांना पाणवठ्यापासून दूर ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, ही हिंदू समाजाला आत्मपरीक्षण करायला लावणारी घटना आहे. त्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पायरीवर उभे राहून वाट पाहणाऱ्यांत स्त्रियाच अधिक होत्या, कारण पाणी भरण्याचे काम त्यांचे होते. म्हणून स्त्रीचा सहभाग आणि सामाजिक समरसता हे दोन वेगळे विषय नाहीत. ‘एक पाणवठा’ हा आग्रह संघाने वारंवार धरला आहे. ज्या पाणी समितीत गावाच्या एकाच आळीच्या भगिनी बसतात, ती समिती अपुरीच म्हणावी लागेल.

खडी फोडणारे हात

१९७२ चा दुष्काळ आजही जाणत्यांच्या आठवणीत आहे. त्याच दुष्काळात मदतकार्यासाठी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीची स्थापना झाली. त्याच दुष्काळात महाराष्ट्रभर रोजगार हमीची कामे निघाली. रस्त्यांसाठी खडी फोडली गेली, पाझर तलाव झाले, नाल्यांना बांध पडले. त्या कामांवर डोक्यावर पाटी घेतलेल्या स्त्रियांच्या रांगा होत्या. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. स्त्री-पुरुषांना समान कामाला समान मजुरी हे तत्त्व त्यात होते. कष्टाच्या बाबतीत समाजाने स्त्रीला कधी मागे ठेवलेच नाही. मात्र त्या तलावाची जागा कोणी निवडली, त्याचे पाणी कोणाच्या विहिरीला लागले, हे प्रश्न पाटी वाहणारीला कोणी विचारले नाहीत.

उत्तराखंडातील रैणी गावात २६ मार्च १९७४ रोजी एक प्रसंग घडला. जंगल तोडायला ठेकेदाराची माणसे आली, तेव्हा गावातले पुरुष बाहेर गेले होते. गौरादेवी आणि तिच्या सोबतच्या स्त्रियांनी झाडांना मिठ्या मारून ते जंगल वाचवले. चिपको आंदोलनाचा तो सुवर्णक्षण. पुरुष गावात नव्हते म्हणून निर्णय स्त्रियांच्या हाती आला, ही त्यातली विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पुरुष गावात असतानाही तो निर्णय तिला करता यावा, एवढेच आज साधायचे आहे.

कायदा दारापर्यंत आला

कायद्याने गेल्या तीन दशकांत पुष्कळ दिले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाण्याची गुणवत्ता तपासण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे ठरले. योजना सुरू झाली तेव्हा देशातील सुमारे सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत हा आकडा पंधरा कोटींच्या पुढे गेला. हे काम लहान नाही. घरात नळ आला, म्हणजे डोक्यावरचा हंडा उतरला.

परंतु नळ आला म्हणून पाणी आले, असे होत नाही. नळ ज्या विहिरीला जोडला आहे, ती विहीर चैत्रात आटली, तर नळ हा भिंतीवरचा दागिना ठरतो. उद्भवाचे, म्हणजे पाण्याच्या मूळ स्रोताचे, रक्षण नळ करू शकत नाही. ते गावालाच करावे लागते. इथे समितीची कसोटी लागते. समितीच्या वहीत भगिनींची नावे असतात, सह्या असतात. अनेक ठिकाणी बैठक मात्र झालेली नसते. वही घरोघर फिरते आणि चुलीपाशी सही होते. महिला ग्रामसभा कागदावर होते. सरपंच बाई असतात आणि कारभार ‘सरपंचपती’ पाहतात. ही पद्धत इतकी बोकाळली की, तिचा विचार करण्यासाठी केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाला २०२३ मध्ये समिती नेमावी लागली. हा रोग कोण्या एका पक्षाचा अथवा एका जातीचा नाही. संस्कारी म्हणवणाऱ्या घरांतही तो आहे.

याहून खोल अडथळा सातबाऱ्यावर आहे. महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला, पाणी वापर संस्था आल्या. पण संस्थेचे सभासदत्व जमिनीला जोडलेले. जमीन ज्याच्या नावे, मत त्याचे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाटदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के. म्हणजे पेरणीपासून खळ्यापर्यंत जी राबते, तिचे पाण्याच्या संस्थेत नावच नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. त्याआधी शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ कार्यक्रमातून अनेक शेतकऱ्यांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन केली होती. लक्ष्मीपूजन करणाऱ्या समाजाने घरच्या लक्ष्मीला सातबाऱ्यावर जागा द्यावी, हा विचार कोणत्या एका विचारधारेची मिरास नाही.

बीड जिल्हा आणि त्याला लागून असलेल्या परभणीच्या दक्षिण भागाची आणखी एक व्यथा आहे. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पावसाळा संपतो, विहिरींत किती पाणी आहे ते कळते, टंचाईचा आराखडा तयार होतो, तेव्हा गावातील सर्वांत गरजू घरांतील स्त्री परमुलखातल्या फडात पालाखाली असते. ती परतते तेव्हा उन्हाळा असतो आणि आड कोरडा असतो. तिच्या गैरहजेरीत ठरलेल्या वाटणीची तहान तिने सोसायची. जी समिती तिला विचारत नाही, ती गावाची समिती कशी?

घडलेली उदाहरणे

हे बदलता येते का? याच महाराष्ट्राने ते करून दाखवले आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे या अभियंत्याने ‘पाणी पंचायत’ उभी केली. तिचा पाया एका साध्या नियमावर होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातील माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, आणि उसाला बंदी. पाणी आणि जमीन यांची गाठ सोडवली की, जिच्या नावे जमीन नाही तिलाही वाटा मिळू शकतो, हे या प्रयोगाने दाखवले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची पद्धत रुजली. पाऊस किती झाला, साठा किती, पिण्यासाठी किती राखायचे आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यायची, हे सर्वांसमक्ष ठरते. शेतीसाठी बोअर नाही, जादा पाणी पिणारी पिके नाहीत. हिशेब भिंतीवर आला की तो चुलीपर्यंत पोहोचतो, आणि चुलीपाशी बसणारी तो बरोबर वाचते.

याच जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेचे शिक्षण मिळाले नाही. त्यांनी गावरान बियाण्यांचा ठेवा जपला, बायफ संस्थेच्या साह्याने बीजबँक उभी केली. २०२० मध्ये पोपटराव आणि राहीबाई या दोघांनाही पद्मश्री जाहीर झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे उत्तम वाण दिले. प्रयोगशाळेचे आणि कणगीचे ज्ञान एकमेकांना पूरक आहे, एकाने दुसऱ्याला हिणवण्याचे कारण नाही.

आपल्या मराठवाड्यातच किल्लारीच्या भूकंपानंतर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था स्त्रियांमध्ये काम करू लागली. धाराशिव आणि लातूर भागातील भगिनींनी घरच्या शेतातील अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयाखाली मागून घेतला. त्यात नगदी पिकाऐवजी भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी अशी कमी पाण्याची, घरात खाल्ली जाणारी पिके लावली. दुष्काळाच्या वर्षांत हा तुकडा घराला आधार ठरला. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. त्या भगिनींनी फार मोठे मागितले नव्हते. एका एकराची किल्ली मागितली होती.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा तर कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. वनवासी कल्याण आश्रमाच्या प्रेरणेने चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी उजाड झालेले सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल पुन्हा उभे केले. कुऱ्हाडबंदीचे नियम गावाने केले, दंड गावाने ठरवला. २०२५ मध्ये चैत्रामजींना पद्मश्री जाहीर झाली. त्या गावात २००४ पासून वनभाजी महोत्सव भरतो. आसपासच्या पाड्यांवरच्या भगिनी रानभाज्या रांधून आणतात. वरवर ही पाककृतींची स्पर्धा आहे. प्रत्यक्षात ती जंगलाची मोजदाद आहे. कोणती भाजी यंदा मिळाली नाही, कोणती परत उगवली, हे त्या ताटांतून कळते. स्त्रीचे ज्ञान चुलीपाशी न ठेवता त्याला गावाच्या मांडवात मान देण्याची ही रीत आहे.

सोनपेठने काय करावे?

२०२५ च्या विजयादशमीला संघाला शंभर वर्षे पूर्ण झाली. पंच परिवर्तनाचे पाच विषय स्वयंसेवकांपुढे आहेत. समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्वबोध आणि नागरी कर्तव्य. गावाच्या पाण्याच्या प्रश्नावर हे पाचही विषय एकत्र येतात. शासनाची वाट न पाहता आज करता येतील अशी कामे थोडी, पण नेमकी आहेत.

पहिले, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा खरोखर घ्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनी गावात असतानाच ती व्हावी, आणि संध्याकाळी चुलीच्या वेळी नव्हे, त्यांना सोयीच्या वेळी व्हावी. पाच प्रश्न पुरेत. उद्भवाच्या विहिरीत किती पाणी आहे, किती महिने पुरेल, कोणाच्या वस्तीला नळ पोहोचत नाही, कोठे बोअर घेऊ नये, आणि गायरानाचे काय करायचे.

दुसरे, गावातल्या एका विहिरीची पातळी दर महिन्याच्या एकाच तिथीला दोरीने मोजावी आणि शाळेच्या भिंतीवर लिहावी. या कामाला ना निधी लागतो, ना पदवी. बचतगटाच्या भगिनी पै-पैचा हिशेब चोख ठेवतात. पाण्याचा हिशेबही त्या ठेवतील.

तिसरे, समितीत सर्व वस्त्यांच्या भगिनी असाव्यात. ज्या वस्तीला पाणी शेवटी मिळते, त्या वस्तीची भगिनी पहिल्या रांगेत बसावी.

चौथे काम सर्वांत अवघड, कारण ते स्वतःच्या घरात आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपला सातबारा एकदा काढून पाहावा. त्यावर गृहिणीचे नाव आहे का? नसेल तर ते यावे, अथवा निदान शेतातल्या एका एकराचा निर्णय तिचा असावा. व्यासपीठावरून मातृशक्तीचा जयघोष करणे सोपे आहे. तलाठ्याच्या कार्यालयात अर्ज देणे कठीण आहे. समाज आपली परीक्षा दुसऱ्या ठिकाणी घेतो.

पाचवे, भगिनी सरपंच असेल, तर तिच्या खुर्चीवर तिनेच बसावे. घरातील पुरुषांनी त्या दिवशी पोरांना सांभाळावे. कुटुंब प्रबोधनाचा याहून चांगला पाठ नाही.

या मार्गात वाद होतील. ज्याचे बोअर बंद करा म्हणाल तो रागावेल. बोलणाऱ्या बाईला टोमणे ऐकावे लागतील. तिच्या घरचे दडपणाखाली येतील. अशा वेळी तिच्या पाठीशी संघटना उभी राहते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. एकटी स्त्री बोलली तर ते भांडण ठरते. दहा घरांच्या स्त्रिया एकत्र बोलल्या तर तो ठराव होतो. संघटन म्हणजे दुसरे काय?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती, कुटुंब, समाज आणि सृष्टी यांच्यात संघर्ष नाही, ती एकमेकांत गुंतलेली आहेत, हे त्याचे सूत्र. सोनपेठच्या एखाद्या गावातील आडाच्या काठावर उभे राहिले की हे सूत्र पुस्तकाविना समजते. त्या आडाच्या तळाशी सृष्टी आहे, भोवती समाज आहे, आणि दोर ओढणारी व्यक्ती बहुधा स्त्री आहे.

गंगाखेडच्या त्या दासीकडे पुन्हा वळू. जनाबाईचे काम हलके करायला विठ्ठल धावला, असे आपण भक्तिभावाने सांगतो. त्या कथेचा आजचा अर्थ एवढाच घ्यावा. देव जिथे दळायला बसला, तिथे समाजाने निदान तिच्यासाठी सतरंजीवर जागा करावी. घागर तिने फार वाहिली. आता किल्लीही तिच्या हाती विश्वासाने द्यावी. गोदामाई वाहत राहायची असेल, तर तिच्या लेकींचे म्हणणे ऐकावे लागेल.

भारतमाता की जय!